समर्थांच्या कवितेंतील नाद व रूप

कऱ्हाडालगतच्या मलकापुराहून चाफळ फार दूर नाहीं. शके १५७० (इ. स. १६४८) मध्यें तेथें रामाची स्थापना करणाऱ्या समर्थ रामदासांस केवळ उपदेशक कवि म्हणण्याचा प्रघात आहे. तो आम्हांस मान्य नाहीं.

दासबोधांतील गणेशस्तवन पाहावें. दृष्टि मस्तकावरील शेंदुरापासून पाउलांपर्यंत उतरते, व वाटेंत प्रत्येक स्थळीं नाद भेटतो : गंडस्थळापाशीं भ्रमरांचा, कटीशीं क्षुद्रघंटांचा, पायीं नूपुरांचा. नादावांचून ही मूर्ति पुरी होत नाहीं.

पदांची गोष्ट निराळी. नुसतीं वाचलीं तर कित्येक विरळ व पुनरुक्त वाटतात. परंतु तीं गाण्याकरितां रचिलेलीं आहेत. वाचकास जी पुनरुक्ति, तीच गाणारास विसांव्याची जागा. म्हणून मथळ्यावरील राग व ताल हे पदाचेच अंग होत.

एकोणिसाव्या दशकाच्या आरंभीं समर्थ लेखनाचाही विचार करितात : अक्षर वाटोळें व सारखें असावें, आणि भोंवतीं कोरी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाहीं. पानाचें रूपही त्यांनीं काव्याइतकेंच जपलें.

शंकर श्रीकृष्ण देवांनीं धुळ्यास सत्कार्योत्तेजक सभा १८९३ सालीं स्थापिली व पुढें समर्थवाङ्मयाचीं हस्तलिखितें मिळविलीं. ज्यांच्या घरीं अशीं बाडें असतील त्यांस आमची विनंति एवढीच, कीं नक्कल करितांना रागतालाचे मथळे व समासांतील खुणा गाळूं नयेत. त्या गाळल्या तर शब्द उरतील, पद उरणार नाहीं.