गुणवत्तेची साक्ष : दोन न्यायाधीशांची आत्मचरित्रे

‘गुणवत्ताशाही’ ही संकल्पना आज गौरवार्थाने उच्चारली जात असली, तरी तिचा प्रसार झाला तो एका उपहासात्मक कल्पितामुळे. मायकेल यंग यांच्या ‘द राइज ऑफ द मेरिटॉक्रसी’ (१९५८) या पुस्तकाचा निवेदक २०३४ सालातील एक समाजशास्त्रज्ञ आहे. बुद्ध्यंक आणि परिश्रम यांची बेरीज म्हणजे गुणवत्ता, या सूत्रावर उभ्या असलेल्या राज्याचे तो गुणगान करतो आणि त्या गुणगानातूनच त्या राज्याचे क्रौर्य उघड होत जाते. त्याविरुद्धच्या उठावाचे नेतृत्व स्त्रिया करतात; निवेदक त्या उठावात मारला जातो. पुढे उपहास विसरला गेला, शब्द तेवढा उरला. खुद्द यंग यांना २००१ मध्ये त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त करावी लागली.

यंग यांच्या सूत्रात गुणवत्ता मोजली जाते. ती कोणाला सिद्ध करून दाखवावी लागते आणि कोणाच्या बाबतीत गृहीत धरली जाते, हा प्रश्न मात्र सूत्राबाहेरचा आहे. आत्मचरित्र या साहित्यप्रकाराला त्याला सामोरे जावे लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील दोन न्यायाधीशांची आत्मचरित्रे, क्लॅरेन्स थॉमस यांचे ‘माय ग्रँडफादर्स सन’ (२००७) आणि सोनिया सोटोमायोर यांचे ‘माय बिलव्हेड वर्ल्ड’ (२०१३), या दृष्टीने शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत. थॉमस जॉर्जिया राज्यातील पिन पॉइंट या कृष्णवर्णीय वस्तीत जन्मले. सोटोमायोर न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, पोर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबात. दोघेही येल विद्यापीठाच्या विधिशाखेचे पदवीधर : थॉमस १९७४ चे, सोटोमायोर १९७९ च्या. वंचित गटांना प्रवेशात विशेष संधी देणाऱ्या धोरणाच्या काळात दोघांनाही तेथे प्रवेश मिळाला. एकाच दारातून आत आलेल्या या दोघांनी त्या दाराविषयी परस्परविरोधी साक्ष दिली आहे.

थॉमस यांच्या संहितेतील सर्वांत बोलके चिन्ह पंधरा सेंटांच्या चिठ्ठीचे आहे. पदवी मिळाल्यानंतर नामांकित कायदा-कंपन्यांनी नोकरी नाकारली, तेव्हा आपल्या पदवीचे मोल बाजारात वंशाची सूट वजा करूनच ठरते, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि सिगारच्या पाकिटावरची किमतीची चिठ्ठी पदवीपत्राच्या चौकटीवर चिकटवली. गुणवत्तेवरचा हा बट्टा त्यांच्या मते विशेष संधीनेच लावला. म्हणून त्यांचे निवेदन विद्यापीठाचे ऋण नाकारून आजोबांच्या कठोर शिस्तीचे ऋण मान्य करते. पुस्तकाचे शीर्षकच ती कबुली आहे. मात्र ज्या मालकांनी ही सूट लावली, त्यांच्या दृष्टीतील पूर्वग्रहापेक्षा तिला निमित्त पुरविणारे धोरण या निवेदनात मोठे अपराधी ठरते, हे नजरेआड करता येत नाही.

सोटोमायोर यांच्या पुस्तकातही हा अपमान आहे. येलमध्ये असताना एका कायदा-कंपनीच्या भोजनप्रसंगी, तुम्ही पोर्तो रिकन नसता तर तुम्हाला प्रवेश मिळाला असता काय, अशा अर्थाचा प्रश्न त्यांना विचारला गेला. त्यांनी रीतसर तक्रार केली आणि कंपनीला माफी मागावी लागली. त्या आपली उणीव लपवीत नाहीत. प्रिन्स्टनमध्ये इंग्रजी लेखनातील स्पॅनिश वळणे कशी सुधारावी लागली, इतरांनी बालपणीच वाचलेली पुस्तके आपल्याला ठाऊकही कशी नव्हती, हे त्या सविस्तर सांगतात. उणिवेची ही कबुली हाच त्यांचा युक्तिवाद आहे : प्रवेशाच्या क्षणी दिसणारी गुणवत्ता ही आधीच्या संधींची नोंद असते, दार उघडल्यानंतर जे घडते, त्यावरून माणसाचे मोजमाप व्हावे.

मतभेद इतका मूलभूत असूनही दोन्ही पुस्तकांची घडण विलक्षण सारखी आहे. थॉमस यांचे निवेदन १९९१ च्या शपथविधीपाशी थांबते, सोटोमायोर यांचे १९९२ मध्ये त्या प्रथम न्यायाधीश झाल्या तेथे. सत्तेच्या उंबरठ्यावर दोन्ही निवेदने मिटतात. सर्वोच्च पदावरून केलेले कार्य, म्हणजे गुणवत्तेचा प्रत्यक्ष पुरावा, निवेदनाबाहेर राहतो. येथे आत्मचरित्राचे रूप प्रतिज्ञापत्रासारखे होते. ‘हे पद तुला कसे मिळाले?’ या आधीच विचारल्या गेलेल्या प्रश्नाचे ते उत्तर असते. प्रस्थापित वर्गातील पुरुषाच्या आत्मचरित्राला हा प्रश्न सहसा भेडसावत नाही. तेथे कर्तृत्वाचा आरंभ पदग्रहणानंतर होऊ शकतो.

या चौकटीत लिंगभावाचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. १९९१ मध्ये थॉमस यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप करणाऱ्या अनिता हिल याही कृष्णवर्णीय, येलच्याच पदवीधर आणि कायद्याच्या प्राध्यापक होत्या. चौदा श्वेतवर्णीय पुरुषांच्या समितीपुढे त्यांच्या गुणवत्तेने त्यांच्या शब्दाला वजन दिले नाही. आरोप नाकारणाऱ्या थॉमस यांनी त्या सुनावणीला झुंडबळीची उपमा देऊन वंशेतिहासाचा आधार घेतला, आणि सिनेटने ५२ विरुद्ध ४८ मतांनी त्यांची नियुक्ती मान्य केली. कृष्णवर्णीय स्त्रीच्या छळाचा इतिहास मात्र त्या सभागृहाला तितका परिचित नव्हता, हे किंबर्ले क्रेनशॉ यांनी दाखवून दिले आहे. हिल यांचे ‘स्पीकिंग ट्रुथ टू पॉवर’ (१९९७) वाचल्याशिवाय थॉमस यांच्या आत्मचरित्राचे वाचन म्हणूनच अपुरे राहते.

मराठी वाचकाला हा पेच अपरिचित नाही. कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ (१९८१) मध्ये संस्कृतची उच्च पदवी मिळवूनही दलित स्त्रीला अध्यापकाची जागा मिळत नाही. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलते आणि मग नियुक्ती होते. पदवी तीच, विदुषी तीच. बदलले ते केवळ नाव. थॉमस यांच्या चिठ्ठीवरील किंमत आणि हे आडनाव यांचे कार्य एकच आहे, परंतु पावडे यांचे निदान अधिक भेदक आहे. नियुक्तीचे श्रेय त्या स्वतःच्या विद्वत्तेला देत नाहीत, नव्या आडनावाला देतात. सूट लावणारी दृष्टीच त्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करतात.

२०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड खटल्यात प्रवेशातील वंशाधारित विचार अमान्य केला, तेव्हा थॉमस यांनी बहुमताशी सहमतीचे स्वतंत्र निकालपत्र लिहिले, सोटोमायोर यांनी विरोधी. दोन आत्मचरित्रांतील वाद अशा रीतीने कायद्याच्या भाषेत पुन्हा अवतरला. त्या निकालाने धोरणाचा प्रश्न मिटला असे फार तर म्हणता येईल. साक्ष कोणी द्यायची आणि तपासायची कोणी, हा या संहितांनी उभा केलेला प्रश्न अद्याप अनिर्णितच आहे.