अनुकरणाचा सिद्धांत आणि हंगेरीतील घटनापालट

साम्यवादी राजवटींच्या अस्तानंतर मध्य व पूर्व युरोपात जी लोकशाही प्रस्थापित झाली, तिला पुढे आलेल्या अवकळेचे वर्णन करताना पाश्चात्त्य अभ्यासक 'घसरण' या अर्थाचा शब्द योजतात. शब्द सोयीचा खरा, परंतु निर्दोष नव्हे. घसरणारा मनुष्य आपण होऊन घसरतो; त्यास कोणी ढकलले काय, किंवा वाट कोणी निसरडी करून ठेवली काय, हे प्रश्न त्या शब्दात बुडून जातात. इव्हान क्रास्तेव्ह आणि स्टीफन होम्स यांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'द लाइट दॅट फेल्ड' या ग्रंथाचा विचार करताना हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

ग्रंथकारांचे प्रतिपादन थोडक्यात असे : १९८९ नंतर या देशांपुढे एकच आदर्श उरला, तो पश्चिमेचा. संस्था, कायदे, आर्थिक धोरणे, फार काय, जीवनाची मूल्ये देखील तेथून उचलावयाची, आणि आपण कितपत उत्तीर्ण झालो याचा निकाल ज्यांची नक्कल केली त्यांनीच द्यावयाचा. अशा अनुकरणात एक अपमान दडलेला असतो. तो साठत गेला आणि अखेरीस उदारमतवादाविरुद्धच्या संतापाच्या रूपाने उफाळून आला. संतापाचे दुसरे मूळ ते लोकसंख्येच्या ओहोटीत पाहतात. तरुण पिढी पश्चिमेकडे निघून गेली, गावे ओस पडली, आणि मागे राहिलेल्यांच्या मनात राष्ट्र नामशेष होण्याचे भय उत्पन्न झाले.

हे निदान वरवरचे नाही. व्हिक्टर ओर्बान यांच्या चरित्रात तर ते जणू साकार झालेले दिसते. १६ जून १९८९ रोजी इम्रे नॉज यांच्या पुनर्दफनाच्या प्रसंगी बुडापेस्टच्या वीर चौकात सोव्हिएत सैन्याने परत जावे अशी मागणी करणारा, आणि त्याच वर्षी जॉर्ज सोरोस यांच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला जाणारा हा तरुण. त्यानेच २०१४ साली रुमानियातील तुश्नाद येथे अनुदार राज्याचा पुरस्कार केला. उदारमतवाद्यांच्या आत्मसंतुष्टतेचा या अपयशात वाटा आहे, हे ग्रंथकार स्वतः त्या पक्षाचे असूनही आडपडदा न ठेवता सांगतात. या विषयावरील लेखनात हा गुण विरळाच.

परंतु मानवी हक्कांची भाषा १९८९ नंतर पश्चिमेकडून आयात झाली, असे जे या मांडणीतून सूचित होते, ते इतिहासाला धरून नाही. चेकोस्लोव्हाकियातील '७७ ची सनद' घ्यावी. हक्कांविषयीचे आंतरराष्ट्रीय करार तेथील साम्यवादी सरकारने स्वतः मान्य केले होते आणि १९७६ साली ते देशाच्या अधिकृत कायदेसंग्रहात छापलेही होते. सनदेवर सह्या करणाऱ्यांनी त्या छापील शब्दावर बोट ठेवून, आपल्याच सरकारला आपलाच कायदा पाळण्यास सांगितले. त्याबद्दल त्यांनी नोकऱ्या गमावल्या, तुरुंगवास भोगला. यास नक्कल म्हणणे म्हणजे पुढे ओर्बानप्रभृतींनी जो युक्तिवाद केला, तोच त्यांना आयता पुरविण्यासारखे आहे. लोकसंख्येच्या युक्तिवादाचीही गत फारशी निराळी नाही. १९८९ नंतर लाटव्हियाची लोकसंख्या चतुर्थांशाहून अधिक घटली, तरी हंगेरीत घडले ते तेथे घडले नाही.

मुख्य आक्षेप याहून गंभीर आहे. संतापाचे मूळ सांगितल्याने सत्तेच्या साधनांचा उलगडा होत नाही. २०१० च्या निवडणुकीत फिदेस आघाडीला सुमारे ५३ टक्के मते मिळाली, आणि त्यांच्या बळावर ३८६ पैकी २६३ जागा, म्हणजे दोन तृतीयांशांहून अधिक. घटना बदलण्यास एवढे संख्याबळ पुरेसे होते. वस्तुतः १९९४ साली समाजवादी व उदारमतवादी पक्षांच्या आघाडीलाही असेच बहुमत लाभले होते. परंतु नव्या घटनेच्या सिद्धतेसाठी चार पंचमांश सदस्यांची संमती लागेल, असे बंधन १९९५ मध्ये तिने स्वतःवर घालून घेतले. हे बंधन २०१० साली दोन तृतीयांश मतांनीच दूर करण्यात आले. १९९५ व २०१० या दोन्ही वेळी देश तोच होता आणि अनुकरणाचा शिणवटाही थोडाबहुत होताच. फरक पडला तो सत्ताधाऱ्यांच्या निर्णयात.

त्यानंतरचा क्रम सर्वश्रुत आहे. घटनात्मक न्यायालयाच्या न्यायाधीशांची संख्या ११ वरून १५ झाली. नवी घटना एप्रिल २०११ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०१२ पासून अमलात आली. न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ७० वरून एकदम ६२ वर आणले गेले. संसदेच्या जागा १९९ करून मतदारसंघ नव्याने आखण्यात आले, आणि २०१४ मध्ये सुमारे ४५ टक्के मतांवर सत्ताधाऱ्यांनी १३३ जागा मिळवून दोन तृतीयांशांचा उंबरठा नेमका गाठला. किम लेन शेपेले यांनी दाखविल्याप्रमाणे, यांतील एकेक तरतूद कोठल्या ना कोठल्या सुस्थित लोकशाहीत सापडते. सारे अवयव एकत्र शिवले म्हणजे जो प्राणी उभा राहतो, तो मात्र निराळाच असतो. अनुकरणाविरुद्धचे हे बंड अनुकरणाच्याच सामग्रीवर उभे राहिले, ही विसंगती क्रास्तेव्ह-होम्स यांच्या सिद्धांताला मोठी उपकारक ठरली असती. तिचा पुरेसा उपयोग त्यांनी करून घेतलेला नाही.

आन्द्राश बाका यांचे प्रकरण या दृष्टीने बोधप्रद आहे. ते हंगेरीच्या सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष होते आणि निवृत्तीवयाच्या कायद्यावर त्यांनी उघड टीका केली होती. न्यायालयाचे नाव बदलून 'कुरिया' करण्यात आले, आणि नामांतराबरोबर त्यांची मुदतही साडेतीन वर्षे आधी संपुष्टात आली. नव्या पदासाठी देशातील पाच वर्षांच्या न्यायदानाची अट घालण्यात आली; स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयातील त्यांची १७ वर्षे हिशेबात धरली गेली नाहीत. त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय दिला, तोवर पद हातचे गेले होते. निवृत्तीवयाच्या कायद्याचेही तसेच झाले. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१२ मध्ये तो सदोष ठरविला खरा, पण वयावरून केलेला भेदभाव म्हणून. न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्यावरील आघात म्हणून नव्हे.

पोलंडशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. २०१५ साली तेथे सत्तेवर आलेल्या 'कायदा व न्याय' पक्षाची भाषा ओर्बान यांच्याहून सौम्य नव्हती. तथापि घटना बदलण्याइतके संख्याबळ त्यास कधीच लाभले नाही. म्हणून साधे कायदे करून आणि घटनात्मक न्यायाधिकरणाचे निकाल छापण्याचे नाकारून त्यास घटना मोडावी लागली. बदलता आली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे ७४ टक्के मतदान होऊन त्या पक्षाने बहुमत गमावले. नव्या सरकारपुढे मग एक विलक्षण अडचण उभी राहिली : सदोष रीतीने नेमलेल्या न्यायाधीशांना न्यायसंस्थेचे स्वातंत्र्य न दुखविता दूर कसे करावे. अपमान आणि संताप यांच्या मानसशास्त्राला या प्रश्नावर काही सांगण्यासारखे नाही.