डोळ्याच्या आकृतीतले वाहते पाणी

शालेय पुस्तकातले डोळ्याचे प्रकरण उघडले की बहुधा तीच आकृती समोर येते. पारपटल, बुबुळ, भिंग, दृष्टिपटल आणि त्यावर उलटी पडलेली मेणबत्ती. डोळा म्हणजे कॅमेरा हे समीकरण प्रकाशाच्या पाठाला सोयीचे आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती भिंगापुढच्या जागेबद्दल. तिथे ‘नेत्रजल’ असे लिहून एक बाण काढलेला असतो आणि विषय तिथेच संपतो. वाचणाऱ्या मुलाला ते डबक्यातले पाणी वाटते. शिवाय अश्रू तिथूनच येतात असाही अनेकांचा समज होतो. अश्रू डोळ्याच्या बाहेरचे, नेत्रजल आतले. दोघांचा संबंध नाही.

हे आतले पाणी सतत वाहत असते. बुबुळामागचे रोमक पिंड दर मिनिटाला साधारण अडीच मायक्रोलिटर नेत्रजल तयार करते. ते बाहुलीतून पुढे येते. पारपटल आणि बुबुळ यांमधल्या जागेत सुमारे पाव मिलिलिटर, म्हणजे २५० मायक्रोलिटर द्रव मावतो. भागाकार वर्गात करून घ्यावा: दिवसाच्या या वेगाने सगळे पाणी सुमारे शंभर मिनिटांत बदलते. जितके येते तितके बाहेर गेले नाही तर दाब वाढतो. सामान्यतः तो १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. वाढलेला दाब दृक्‌चेतेला इजा करतो, आणि ही काचबिंदूची सर्वांत परिचित वाट आहे. (दाब सामान्य असूनही काचबिंदू होतो, हेही सांगायला हवे.) गेलेली दृष्टी परत येत नाही.

मग हे पाणी जाते कुठे? शरीरात इतरत्र केशवाहिन्यांतून पाझरलेला जो द्रव मागे उरतो तो लसीकावाहिन्या गोळा करतात, लसीकाग्रंथींतून गाळतात आणि गळ्याच्या पायथ्याशी शिरांत सोडतात. डोळ्याबाबत मात्र वैद्यकाची पुस्तकेही वर्षानुवर्षे एकच वाक्य लिहीत आली: डोळ्याच्या आत लसीकावाहिन्या नसतात. आमच्या मते हे वाक्य अर्धवट आहे. पारपटलाबाबत ते खरे आहे. निरोगी पारपटलात ना रक्तवाहिन्या, ना लसीकावाहिन्या, आणि दुसऱ्याचे पारपटल शरीर सहसा निमूटपणे स्वीकारते त्याचे हे एक मोठे कारण आहे. आजाराने तिथे लसीकावाहिन्या शिरल्या तर कलम नाकारले जाण्याचा धोका वाढतो. पण उरलेल्या डोळ्याबाबत ‘नाहीत’ या शब्दाचा अर्थ ‘त्या वेळच्या साधनांनी दिसल्या नाहीत’ इतकाच होता.

जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ फ्रीडरिख श्लेम यांनी १८३० साली पारपटलाच्या कडेने फिरणारी नलिका वर्णन केली. बहुतेक नेत्रजल हिच्यातूनच बाहेर पडते. रचनाशास्त्राने तिला शिरेच्या घराण्यात घातले. तिचे अधिकृत लॅटिन नाव आजही शिरेचेच आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी लसीकावाहिनीच्या पेशी ओळखण्याच्या रासायनिक खुणा हाती आल्या आणि २०१४ मध्ये एकाहून अधिक गटांनी दाखवले की या नलिकेच्या पेशींत त्यांपैकी काही आहेत, काही नाहीत. जन्माने ती शिरेची, वागणुकीने बरीचशी लसीकावाहिनीसारखी. पण तिच्यातले पाणी लसीकाग्रंथींकडे न जाता थेट शिरांत जाते. तेव्हा ‘श्लेमची नलिका ही लसीकावाहिनीच आहे’ असे लिहिणेही घाईचे होईल. टोरांटोच्या संशोधकांनी २००९ मध्ये माणसाच्या रोमक पिंडात लसीकावाहिन्या दिसल्याचे कळवले, त्यावर वाद झाला. एक नेहमीची खूण भक्षक पेशींवरही सापडते, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये असे जाणकारांचे मत पडले. नेत्रजलाची दुसरी, स्नायूंच्या तंतूंमधून झिरपणारी वाट अँडर्स बिल यांनी १९६० च्या दशकात दाखवली होती; १९९६ मध्ये वापरात आलेले लॅटॅनोप्रॉस्टचे थेंब मुख्यतः हीच वाट रुंद करतात.

पुस्तकांनी सोडलेल्या या रिकाम्या जागेत आता दुसरेच लिखाण शिरले आहे. ‘लसीका तुंबली की डोळ्यांवर दाब येतो, चेहऱ्याला मालिश करून ती मोकळी करा’ अशा चालीचा मजकूर आरोग्यसदरांत दिसतो. त्यातली चलाखी नीट पाहिली पाहिजे. पापण्या आणि डोळ्याचा पांढरा भाग झाकणारे पातळ आवरण यांत लसीकावाहिन्या खरोखरच आहेत. सकाळी सुजलेल्या पापण्या हलक्या हाताने चोळून थोड्या उतरतीलही. पण हे खरे विधान पापणीचे आहे, आणि निष्कर्ष काढला जातो डोळ्याच्या आतल्या दाबाचा. बंद पापणीवर बोट दाबले तर तो दाब त्या क्षणी उलट वाढतो. असे वाचून कुणी थेंब बंद केले तर काही महिने काहीच कळणार नाही, कारण सामान्य प्रकारचा काचबिंदू दुखत नाही. तो कडेची दृष्टी आधी खातो.

आकृती सुधारायला फार काही लागत नाही. रोमक पिंडापासून बाहुलीतून श्लेमच्या नलिकेपर्यंत तीन निळे बाण काढावेत आणि ‘नेत्रजल’ या शब्दाआधी ‘वाहते’ लिहावे. लसीकेचा पाठ डोळ्याशी जोडायचा तर त्याला बाहेरून सुरुवात करता येते. विषाणूमुळे डोळे येतात तेव्हा पुष्कळदा कानाच्या पुढे, जबड्याच्या सांध्याजवळ दुखरी गाठ लागते. ती डोळ्याकडून आलेली लसीका गाळणारी ग्रंथी असते. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची साथ होती, तेव्हा हा धडा अनेक घरांत आपोआप समोर आला होता. मात्र ती गाठ ज्याची त्याने स्वच्छ हातांनी चाचपावी. दुसऱ्याच्या डोळ्याला लावलेला हात वर्गभर साथ पसरवतो.