‘मी भरून पावले आहे’: एक टिपण

मेहरुन्निसा दलवाई यांचे हे आत्मकथन आपण बहुधा हमीद दलवाईंना जाणून घेण्यासाठी उघडतो. शीर्षकाचा पहिला शब्द मात्र ‘मी’ आहे.

हमीदभाईंनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले आणि ३ मे १९७७ रोजी, वयाच्या अवघ्या ४४व्या वर्षी, मूत्रपिंडाच्या आजाराने ते गेले. मागे पत्नी आणि दोन मुली उरल्या.

आमच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, चाळिशी ओलांडलेल्या बेवा बाईला ‘आता मुलांसाठी जगा’ एवढेच सांगितले जाते. या आधारात हमदर्दी असते, पण काम नसते. मेहरुन्निसाबाईंना सोबत मिळाली ती मंडळाच्या कार्यकर्त्यांची; म्हणजे आधार आणि जबाबदारी एकाच दारातून आली. तलाकपीडित स्त्रियांचा प्रश्न घेऊन त्या पुढची अनेक वर्षे उभ्या राहिल्या. २०१७ साली त्यांचे निधन झाले.

‘भरून पावले’ हे शब्द मराठीत माणूस कृतज्ञतेने उच्चारतो, तसे वैतागूनही. हे पुस्तक केवळ पतिनिष्ठेची कहाणी म्हणून वाचणाऱ्याला पहिलाच अर्थ दिसेल. चाळिशीनंतर बाईने कोणासाठी जगायचे, हा सवाल घेऊन वाचले तर त्या शब्दांतली किंमतही ऐकू येते.