आरंभशूरांचें सैन्य

मेजावर मांडून खेळावयाच्या लुटुपुटीच्या लढायांतील चिमुकले शिपाई, आणि ते रंगविणाऱ्यांचा वारंवार गळणारा उत्साह, हा विषय टीकालेखास योग्य आहे काय, असें कोणी विचारील. पण कलाकृतीची योग्यता तिच्या उंचीवर ठरत नाहीं. जालना जिल्ह्यांतील पिंपळगाव रेणुकाई ज्या तालुक्यांत मोडतें, त्या भोकरदनास १९७३-७४ च्या सुमारास झालेल्या उत्खननांत हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक लहानसा अवशेष सांपडला. इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालेल्या इटलींतील पाँपेई नगरांत १९३८ सालीं मिळालेल्या वीतभर हस्तिदंती मूर्तीशीं त्याचें साम्य इतकें आहे कीं, ती मूर्ति भोकरदनाकडचीच असावी असा कित्येक विद्वानांचा तर्क आहे. वीतभर वस्तूवर एवढा विचार होऊं शकतो, तर बोटभर शिपायाला या मासिकाचीं दोन पानें नाकारण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

एच्. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकारानें १९१३ मध्यें ‘लिटल वॉर्स’ हें पुस्तक लिहून अशा खेळास नियम घालून दिले. त्याच्या काळीं शिशाचे शिपाई कारखान्यांतूनच रंगून येत. विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यानें १८९३ पासून पोकळ शिपाई ओतून ते स्वस्तहि केले होते. वेल्सला फक्त लढावयाचें होतें. पुढें इंग्लंडांत १९८३ मध्यें ‘वॉरहॅमर’ नांवाचा खेळ निघाला व त्याचा मोठा प्रसार झाला. यांतले शिपाई सुमारें २८ मिलिमीटरांच्या मापाचे, आतां मुख्यतः प्लॅस्टिकचे, सुट्या तुकड्यांत आणि बिनरंगी मिळतात. ते जोडावयाचे आणि रंगवावयाचे खेळणाऱ्यानेंच. म्हणजे सेनापतीलाच चिताऱ्याचें काम करावें लागतें, आणि येथेंच घोडें पेंड खातें.

पहिले तीन शिपाई रात्र जागून रंगविले जातात. चौथ्याला कंटाळा येतो. दहाव्यापाशीं कुंचला सुकतो. तेवढ्यांत बाजारांत नवी पेटी येते आणि तीहि घरीं आणली जाते. कपाटांत करड्या शिपायांचा ढीग वाढत जातो, आणि आपल्या आळसाची तो साक्षच देत आहे असें रंगविणाऱ्यास वाटूं लागतें. पैसा जातो तो जातोच. परंतु हातीं घेतलेलें काम आपल्याच्यानें पुरें होत नाहीं, अशी स्वतःविषयींची एक हीन समजूत मनांत रुजते. आमच्या मतें खरी हानि ती हीच.

यावर सर्वसाधारण उपाय सांगतात तो असा कीं, उत्साह आटला तर थांबावें, नवे रंग घ्यावे, नामांकित कारागिरांचीं कामें पाहावीं, म्हणजे उत्साह परत येईल. हा उपदेश आम्हांस उलटा वाटतो. थोडें काम हातावेगळें झालें कीं उत्साह त्याच्या मागून येतो. तो आधीं येईल म्हणून वाट पाहणारा वाटच पाहात राहतो. नामांकितांचीं कामें पाहिल्यावर तर नवशिका आपल्या पहिल्या शिपायाकडे पाहून अधिकच खचतो.

या बाबतींत शिकण्यासारखें उदाहरण आपल्याच मुलखांत आहे. सावंतवाडीच्या गंजिफा प्रसिद्ध आहेत. दशावतारी गंजिफेच्या संचांत दहा अवतारांचीं प्रत्येकीं बारा, अशीं १२० गोल पानें असतात. त्यांत राजा व प्रधान हीं दोन चित्रांचीं. उरलेल्या दहांवर एकापासून दहापर्यंत त्या त्या अवताराचें चिन्ह, जसें मत्स्याचा मासा, कूर्माचें कांसव, परशुरामाचा परशु. हिशेब केला तर एका अवताराचीं ५५ चिन्हें होतात आणि सबंध संचाचीं ५५०. चिंचोक्याच्या खळीनें पान सिद्ध करावयाचें, त्यावर खडूचा थर देऊन घोटावयाचें, मग रंग आणि शेवटीं लाखेचा हात. चिताऱ्याची हौस भागावी अशीं पानें अवघीं वीस. बाकीचीं शंभर नुसत्या पुनरावृत्तीचीं. परंतु राजा-प्रधान तेवढे रंगवून उठण्याची सोय त्याला नाहीं. एक पान उणें असलेला संच कोणाच्याच कामाचा नाहीं.

मग हें काम पुरें होई तें कशाच्या बळावर? आमचें उत्तर असें कीं, पलीकडे खेळणारा वाट पाहात असे. पुढील इतिहास हेंच सांगतो. छापील पत्ते आले, गंजिफा खेळणारे उणावले आणि त्यांच्या मागोमाग त्या रंगविणारेहि उणावले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं या कलेला राजवाड्यांत पुन्हां आसरा दिला, हें कार्य थोरच होय. तथापि आज तो संच बहुधा संग्राहकाच्या कपाटांत जातो. डावावर क्वचितच उतरतो. कुंचला चालतो तो खेळाच्या ओढीनें, हें रंगीत सैन्य उभारणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें. लढाईचा दिवस व प्रतिस्पर्धी आधीं ठरवावा, आणि त्या दिवशीं लागतील तेवढेच शिपाई पुढ्यांत घ्यावे. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे मुलांच्या हातून वेळेवर रंगून होतात, याचें इंगित तरी काय? दिवाळी कोणासाठीं थांबत नाहीं.

दुसरी गोष्ट कामाच्या वांटणीची. पिंपळगाव रेणुकाई मिरचीच्या बाजाराकरितां नांवाजलेलें आहे. त्या बाजूच्या वावरांत खुरपणीला उतरलेल्या बायका सबंध रानाकडे पाहून हताश होत नाहींत. जी ती आपली पात धरते, ती सरली कीं दुसरी. सैन्याचेंहि असेंच करावें. पांच-दहा शिपायांची एक पात. तिच्यांतील सर्वांना प्रथम अस्तर, मग सर्वांचे अंगरखे, मग सर्वांचीं शस्त्रें, शेवटीं छाया आणि उजाळा. एकच हात पुन्हां पुन्हां फिरला म्हणजे तो आपोआप बसतो.

तिसरी गोष्ट दृष्टीच्या अंतराची. हे शिपाई मेजाच्या पलीकडून, दोन-तीन हातांवरून पाहावयाचे असतात. प्रत्येक प्याद्याच्या डोळ्याची बाहुली रंगवीत बसणारा कलेचा नव्हे, अंतराचा हिशेब चुकतो. ती बारकाई सरदारासाठीं राखून ठेवावी.

यावर आक्षेप असा येईल कीं, छंदाला असें जुंपलें तर ती वेठ होईल आणि काम यांत्रिक होईल. ज्याला एकच मूर्ति महिनाभर खुलवावयाची आहे, त्यानें ती खुशाल खुलवावी. तो मूर्तिकाम करतो, सैन्य उभारीत नाहीं, आणि त्याचें मूल्यमापन वेगळ्या कसोटीनें व्हावें. परंतु ज्याला सैन्य हवें आहे त्याला पुनरावृत्ति टाळतां येणार नाहीं. पुनरावृत्ति म्हणजे यांत्रिकता, हेंहि खरें नाहीं. यंत्राचा दहावा मासा पहिल्यासारखाच असतो. माणसाच्या हातचा दहावा मासा कमी रेषांत अधिक जिवंत उतरतो. ही वाढ डोळ्यांनीं पाहणें, हेंच या कामाचें खरें वेतन आहे. तें चौथ्या शिपायापाशीं उठणाऱ्यास मिळत नाहीं.

म्हणून नवी पेटी घेण्यापूर्वीं जुन्या पेटींतले पांच शिपाई काढावे, ते पुरे करावे, आणि मित्राला बोलावून लढाई मांडावी. ती हरली तरी चालेल; सहाव्या शिपायाला रंग चढतो तो त्यानंतरच.