न आलेल्या खेळाचे व्याकरण

समीक्षेचा विषय होण्यासाठी कृती आधी अस्तित्वात असली पाहिजे, हे गृहीत आपल्याकडे इतके रुजलेले आहे की त्याचा उच्चार करण्याची गरजही कोणास भासत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र जी कृती अद्याप आलेलीच नाही ती आहे. तरीही तिच्याविषयी असंख्य लोक बोलतात, वाद घालतात, पैसे साठवितात आणि क्वचित आगाऊ भरूनही टाकतात. संगणकावर किंवा त्यासाठीच तयार केलेल्या यंत्रावर खेळावयाचे जे अद्भुतरम्य व्हिडिओ गेम असतात, त्यांपैकी ज्यांत खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका पत्करून कल्पित देशात महिनोन्महिने वावरतो, त्यांस 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. अशा खेळाची घोषणा आणि तिच्यामागून सुरू होणारी प्रतीक्षा यांचा विचार येथे करावयाचा आहे. हा विषय भाषाविभागाच्या पत्रिकेस शोभणारा नाही असे कोणास वाटल्यास त्याने थोडा धीर धरावा.

निगडी, आकुर्डी, भोसरी, चाकण ह्या बाजूंनी पदव्युत्तर वर्गास येणारे विद्यार्थी आपल्याला परिचित आहेत. त्यांतील कित्येकांचे भाऊ सुट्या भागांच्या कारखान्यांत तीन पाळ्यांनी काम करतात. काही विद्यार्थी स्वतःही करतात. मधल्या सुटीतील त्यांचे बोलणे प्रस्तुत लेखक कान देऊन ऐकत आला आहे. 'गेम' ह्या शब्दाचे लिंगसुद्धा त्यांच्यात अजून स्थिरावलेले नाही; एकाच बाकावर एकजण 'तो गेम' म्हणतो आणि दुसरा 'ती गेम'. (ह्या प्रश्नावर स्वतंत्र टिपण व्हावयास हवे.) परंतु लिंगापेक्षाही लक्ष वेधून घेते ते ह्या बोलण्यातील क्रियापद.

न आलेल्या खेळाविषयी मराठीत तीन प्रकारे बोलता येते. 'गेम येईल', 'गेम येणार आहे' आणि 'गेम यायचा आहे'. तिन्ही वाक्ये भविष्याविषयी आहेत, पण तिन्हींची निष्ठा वेगवेगळी आहे. 'येईल' ह्यात बोलणाऱ्याचा अंदाज असतो किंवा तो ऐकणाऱ्याचे समाधान करीत असतो. काळजीत पडलेल्या मित्रास आपण हेच रूप देतो. 'येणार आहे' ह्यात कोणाचा तरी संकल्प गृहीत असतो. कोणीतरी ठरविले आहे, सांगितले आहे, आणि बोलणारा त्या सांगण्याचा हवाला देत असतो. 'यायचा आहे' हे रूप सर्वांत विलक्षण होय. त्यात खेळ कुठेतरी सिद्ध आहे, केवळ त्याचे पोहोचणे शिल्लक आहे, असा भाव आहे. लग्नघरी मुंबईचे पाहुणे 'यायचे आहेत' असे आपण म्हणतो तेव्हा पाहुणे आहेत किंवा नाहीत हा प्रश्नच नसतो. घोषणा होते त्या दिवशी विद्यार्थी 'येणार आहे' म्हणतात. चारसहा महिने त्या खेळाविषयी बोलून झाल्यावर 'यायचा आहे' म्हणू लागतात. म्हणजे ज्या अवधीत खेळाचे अस्तित्व वस्तुतः तसूभरही वाढलेले नसते, त्याच अवधीत वाक्यामध्ये ते पूर्ण होऊन बसते. हे कसे घडते?

एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. १० जून २०१८ रोजी अमेरिकेतील बेथेस्डा ह्या कंपनीने 'द एल्डर स्क्रोल्स' ह्या मालिकेतील सहाव्या खेळाची घोषणा केली. दाखविलेली झलक अर्ध्या मिनिटाहून किंचित मोठी होती. डोंगराळ प्रदेश, वर ढग, मागे संगीत, आणि अखेरीस नाव. नायक नाही, शत्रू नाही, वर्षही नाही. त्या मालिकेतील पाचवा खेळ, 'स्कायरिम', ११ नोव्हेंबर २०११ रोजी आला होता. म्हणजे घोषणेच्या वेळीच साडेसहा वर्षे उलटून गेली होती. घोषणेनंतर आणखी सात वर्षे गेली तरी सहावा खेळ हाती आला नाही.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी वाक्यार्थबोधासाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत: आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त हा विचार पदवीच्या विद्यार्थ्यासही कळेल इतक्या थोडक्यात आला आहे. एका पदास दुसऱ्या पदाची अपेक्षा असणे ही आकांक्षा, अर्थांचा परस्परांशी बाध नसणे ही योग्यता, आणि पदे विलंबावाचून उच्चारली जाणे हा संनिधी. प्रहराप्रहराच्या अंतराने उच्चारलेल्या पदांपासून वाक्यार्थ होत नाही, असे तेथे म्हटले आहे. ह्या कसोटीने पाहता खेळाची घोषणा हे अत्यंत सदोष वाक्य ठरते. नाव उच्चारले जाते, म्हणजे कर्तृपद येते. क्रियापद सात वर्षांनीही येत नाही. आकांक्षा तीव्र, संनिधी शून्य. असे वाक्य शास्त्राप्रमाणे विरून जावयास हवे. ते विरत नाही, ह्याचे कारण ऐकणारे त्याचा संनिधी स्वतः टिकवून धरतात. तीच झलक ते पुनःपुन्हा पाहतात, थांबवून पाहतात, डोंगराच्या आकारावरून तो कोणता प्रांत असावा ह्यावर वाद करतात. पद विझू न देण्याचा हा प्रयत्न असतो.

दुसरे साधन अध्याहाराचे. कोणी 'दार' एवढेच म्हटले तर 'लाव' हे पद ऐकणारा स्वतःजवळचे आणतो. प्रतीक्षा करणारा मनुष्य हेच करतो, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. एका नावाच्या आधारावर तो नगरे, भाषा, युद्धे, आपल्या पात्राचा स्वभाव, इतकेच नव्हे तर त्याचा पहिला अपराधही कल्पून ठेवतो. तेव्हा 'यायचा आहे' हे रूप निराधार म्हणता येत नाही. काहीतरी खरोखरीच सिद्ध झालेले असते. मात्र ते कारखान्यात झालेले नसून ऐकणाऱ्याच्या ठायी झालेले असते.

योग्यतेचा प्रश्न त्यानंतर येतो आणि तेथे पुष्कळदा घात होतो. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट ह्या कंपनीने 'सायबरपंक २०७७' हा खेळ २०१२ साली घोषित केला. २०२० साली त्याची तारीख १६ एप्रिल, मग १७ सप्टेंबर, मग १९ नोव्हेंबर अशी सरकत सरकत अखेर १० डिसेंबरवर आली. संगणकावर तो जगभर एकाच क्षणी खुला झाला. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. चाकणच्या बाजूला पहिल्या पाळीची माणसे घेण्यास बसगाड्या निघतात ती साधारण हीच वेळ. आठ वर्षांच्या अध्याहारापुढे प्रत्यक्ष कृती उभी राहिली आणि जुन्या यंत्रांवर ती इतकी मोडकी निघाली की सोनी कंपनीने आपल्या दुकानातून ती काढून घेतली; जून २०२१ मध्ये ती परत आली. पुढे दुरुस्त्या होऊन खेळ सुधारला हे खरे. पण आगाऊ पैसे भरणाऱ्यांनी विकत घेतला होता तो स्वतःचाच अध्याहार. आगाऊ विक्रीच्या प्रथेविषयी प्रस्तुत लेखकाचे मत प्रतिकूल आहे व ते येथे लपविण्याचे प्रयोजन नाही: आकांक्षा निर्माण करण्याचा अधिकार कोणासही आहे, तिचे मोल आधीच वसूल करण्याचा नाही.

ह्या पट्ट्यास प्रतीक्षा काही नवी नाही. आकुर्डीस तयार होणाऱ्या बजाज स्कूटरसाठी १९७० नंतरच्या काळात लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली; कित्येकांची प्रतीक्षा दशकाच्या घरात गेली. उत्पादन परवान्याने बांधलेले होते, मागणी अमर्याद होती. 'नंबर लावणे' आणि 'नंबर लागणे' हे प्रयोग त्या पिढीच्या तोंडी पक्के बसले. मुलाच्या जन्माच्या वेळी नंबर लावला आणि त्याच्या मुंजीस गाडी आली, अशा विनोदातही त्या काळाचे एक सत्य होते. त्यांची नातवंडे आज ज्या खेळाची वाट पाहतात तिची रचना नेमकी उलट आहे. स्कूटर अस्तित्वात होती. ती शेजाऱ्याच्या दारात उभी असे. प्रश्न केवळ आपल्या पाळीचा होता. खेळाच्या बाबतीत पाळी नाहीच. येईल तेव्हा तो सर्वांस एकदम येईल. प्रश्न त्याच्या असण्याचाच आहे. म्हणून स्कूटरच्या प्रतीक्षेत मत्सर होता, वशिला होता, नंबर लागलेली गाडी चढ्या किमतीस विकणे होते. खेळाच्या प्रतीक्षेत हे काही संभवत नाही. जे सर्वांजवळ सारखेच नाही त्याविषयी मत्सर कोण कोणाचा करणार? उलट तेथे एक प्रकारचा सहवास निर्माण होतो, आणि 'नंबर लागला' हा प्रयोग त्या बोलण्यात कधीच ऐकू येत नाही. त्याच्या जागी 'डेट' आली आहे. 'डेट आली', 'डेट पुढे गेली'. येथे तारीख स्वतःच चालत पुढे जाते, तिला ढकलणारा कर्ता वाक्यातून नाहीसा होतो. कोर्टाच्या मराठीत तारीख 'पडते', कारखानदारांच्या निवेदनात ती 'पुढे ढकलण्यात येते'. दोन्ही ठिकाणी कर्ता असाच अदृश्य असतो. दोष कोणास द्यावयाचा हे व्याकरणानेच अशक्य करून ठेवावे, ही सोय तीनही ठिकाणी सारखी आहे.

पुण्यातील दोन उदाहरणे ह्या संदर्भात शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. शास्त्रार्थाने दोन्ही भूमिकेचे खेळ नव्हेत, साहसाचे आहेत. पण अद्भुत दोन्हींत आहे आणि प्रतीक्षाही. पहिले 'राजी: ॲन एन्शन्ट एपिक' ह्या खेळाचे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या छोट्या संस्थेने त्यासाठी २०१७ साली 'किकस्टार्टर'वर लोकवर्गणी मागितली. ती पुरेशी जमली नाही. तरीही खेळ २०२० च्या ऑगस्टमध्ये निन्टेन्डोच्या यंत्रावर आणि ऑक्टोबरमध्ये इतरत्र आला. असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावास शोधीत निघालेली एक डोंबारी मुलगी ही त्याची नायिका, आणि निवेदक कोण, तर दुर्गा व विष्णू. राजस्थानी वास्तूंचा व पहाडी चित्रशैलीचा त्यात केलेला वापर डोळस आहे. मात्र पुण्यात घडलेल्या ह्या खेळात देवता प्रथम इंग्रजीत बोलल्या. हिंदी ध्वनी २०२२ च्या सुधारित आवृत्तीत आला. खेळ पाचसहा तासांत संपतो, आणि कथा जेथे थांबते तेथे ती संपली असे वाटत नाही, ही अनेक परीक्षकांची तक्रार होती. ती तक्रार रास्त आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की जो खेळ आला त्यानेही शेवटी प्रतीक्षाच हाती ठेवली.

दुसरे उदाहरण अधिक खिन्न करणारे आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' हा युबिसॉफ्टचा २००३ सालचा गाजलेला खेळ. तो नव्याने घडविण्याचे काम त्या कंपनीच्या पुणे व मुंबई येथील शाखांकडे सोपविल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. इतक्या मोठ्या मालिकेच्या खेळाशी पुण्याचे नाव मुख्यत्वाने जोडले जाणे ही ह्या भागातील मुलांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. जाहीर केलेली तारीख २१ जानेवारी २०२१. झलक पाहून चित्रांच्या दर्जावर जगभर टीका झाली. तारीख १८ मार्चवर गेली, मग अनिश्चित झाली. मे २०२२ मध्ये काम कॅनडातील माँट्रियल शाखेकडे गेले. २०२४ साली २०२६ हे वर्ष सांगण्यात आले. आणि जानेवारी २०२६ मध्ये प्रकल्पच रद्द झाला. ह्या खेळाच्या नायकाजवळ काळ मागे फिरविणारा खंजीर असतो, हा योगायोग कोणा कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्यास कृत्रिम म्हटले असते.

येथे एक आक्षेप विचारात घेणे प्राप्त आहे. ही सारी प्रतीक्षा जाहिरातदारांनी घडविलेली आहे, तिच्यात वाङ्मयीन काही नाही, असे म्हटले जाते. जाहिरातीचा भाग मान्यच आहे. परंतु १८९० साली निघालेल्या 'करमणूक' साप्ताहिकात हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' क्रमाने येत होती, तेव्हा पुढच्या अंकाकडे डोळे लावून बसलेला वाचकही एका अर्थी नियतकालिकाच्या खपाचाच भाग होता. तेवढ्यावरून त्याचे यमूच्या भवितव्याविषयी चिंता करणे खोटे ठरत नाही. फरक आहे तो वेगळाच. आपट्यांच्या वाचकाजवळ मागील प्रकरणे होती. त्याच्या अध्याहारास आधीच्या वाक्यांचे कुंपण होते. नव्या खेळाच्या प्रतीक्षकाजवळ असे कुंपण फार तुटपुंजे असते, आणि म्हणून त्याची कल्पना ज्या वेगाने वाढते त्याच वेगाने ती निराशेस पात्र होते. धनंजयाने 'दशरूपका'त शृंगाराचा 'अयोग' नावाचा एक भेद सांगितला आहे: मने जुळली आहेत पण मीलन अद्याप एकदाही झालेले नाही. वियोगाहून हा भेद त्याने निराळा ठेवला, आणि त्याच्या दहा अवस्थांत 'गुणकथा' घातली. न भेटलेल्या व्यक्तीचे गुण सांगत बसणे ही अवस्था आमच्या विद्यार्थ्यांत रोज पाहावयास मिळते; उद्वेग आणि प्रलापही मिळतात.

रद्द झाल्याच्या वार्तेनंतर जी क्रियापदे कानी पडली त्यांची नोंद येथे करणे आवश्यक वाटते. बहुतेकांनी 'येणार होता' असे म्हटले. संकल्प होता, तो मोडला, विषय मिटला. काहींनी 'यायला हवा होता' म्हटले; ती तक्रार होय. पण 'यायचा होता' हे रूप वापरणारेही काही निघाले, आणि पुणे शाखेकडे काम होते त्या वर्षापासून ज्यांनी त्या खेळाचा पाठपुरावा केला होता ते बहुधा हेच होते. खेळ सिद्ध होता आणि वाटेत कोठेतरी राहिला, असे ते वाक्य सांगते. मराठवाडा, खानदेश, विदर्भ येथून चाकणास आलेल्या कामगारांच्या बोलींत ही रूपे कशी विभागली जातात, 'येनार' आणि 'यायचाय' यांत तोच भेद टिकतो किंवा नाही, हे तपासण्यास त्या वसाहतींतील पाळी सुटण्याची वेळ उत्तम. एखाद्या विद्यार्थ्याने पुढील घोषणा होताच वही घेऊन तेथे जावे.