वॉटर्लूपूर्वीचा नाच आणि ठाण्याच्या किल्ल्यातले गाणे

इंग्लंडचा तिसरा जॉर्ज मनोरुग्ण झाल्याने 1811 ते 1820 या काळात त्याच्या मुलाने राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहिला. हा ‘रीजन्सी’चा काळ. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्या याच वर्षांत छापल्या गेल्या, आणि शतकभराने जॉर्जेट हेयर या लेखिकेने याच वर्षांवर प्रेमकथांचा एक संपूर्ण प्रकार उभा केला. नाच, बग्ग्या, टोमणे आणि शेवटी लग्न. ठाणे-डोंबिवलीतही या कादंबऱ्या आवडीने वाचणारे वाचक आहेत. मीही त्यांतलाच. पण आपल्याकडे 1811 ते 1820 ही वर्षे म्हटली की खडकी, कोरेगाव आणि शनिवारवाड्यावर चढलेले इंग्रजी निशाण आठवते. मग या वाचनातला आनंद नेमका कशाचा, हा प्रश्न उरतोच.

त्यासाठी हेयरची ‘ॲन इन्फेमस आर्मी’ (1937) ही कादंबरी घेऊ. काळ 1815, स्थळ ब्रसेल्स. नेपोलियन परत आला आहे, आणि त्याच्याशी लढायला जमलेले इंग्रज अधिकारी रोज रात्री मेजवान्यांना जात आहेत. वेलिंग्टनच्या तैनातीतला कर्नल चार्ल्स ऑडली आणि पायांची नखे सोनेरी रंगवणारी तरुण विधवा लेडी बार्बरा यांचे प्रेम जमते, मोडते, आणि वॉटर्लूच्या रणधुमाळीनंतर पुन्हा जुळते. तोवर चार्ल्सने एक हात गमावलेला असतो आणि बार्बरा जखमींची शुश्रूषा करता करता बदललेली असते. 15 जूनच्या रात्रीचा डचेस ऑफ रिचमंडचा नाच ऐतिहासिक आहे. तिथून काही अधिकारी नाचाच्या पोशाखातच रणांगणावर गेले.

या कादंबरीची खरी गंमत उत्कंठेत नाही. वॉटर्लू कोण जिंकणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असते. राज्याची चिंता इतिहासाने आधीच मिटवलेली असल्यामुळे वाचकाला बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष द्यायला उसंत मिळते. कोण कोणाबरोबर नाचले, कोणत्या वाक्याला कोण दुखावले, माफी मागताना अहंकार किती आड आला. हेयरचे संवाद चटपटीत आहेत, तरी ते रंगतात ते या निश्चिंतीमुळे.

मराठी वाचकाला ती निश्चिंती पूर्ण लाभत नाही. ब्रसेल्समध्ये हसतखेळत वावरणारा हा वेलिंग्टन म्हणजे 1803 साली असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा आर्थर वेलस्लीच. ऑस्टिनच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’तला (1811) कर्नल ब्रँडनही हिंदुस्थानात चाकरी करून आलेला आहे. त्या सुखवस्तू दिवाणखान्यांचा एक दरवाजा आपल्या अंगणात उघडतो. हे कळल्यावर कादंबरी मिटून ठेवावी असे मला वाटत नाही. मात्र त्याच वर्षांत आपल्या अंगणात काय चालले होते, हे पाहावेसे वाटते.

वॉटर्लूनंतर महिनाभराने, जुलै 1815 मध्ये, पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. बाजीरावाचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे याच्यावर इंग्रजांनी ठपका ठेवला आणि त्याला ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई होते. ग्रँट डफने नोंदवले आहे की, एका इंग्रज अधिकाऱ्याचा मराठा मोतद्दार घोडा फिरवीत कैद्याच्या खिडकीखालून जाई आणि सुटकेचा बेत सहज गुणगुणल्यासारखा गाऊन कळवी. पहारेकऱ्यांना भाषाच कळत नव्हती. सप्टेंबर 1816 मध्ये त्र्यंबकजी निसटला. 1818 मध्ये तो पुन्हा पकडला गेला आणि चुनारच्या किल्ल्यात गेला. तिथे त्याला पाहिलेल्या बिशप हेबरने ते गाणे आपल्या प्रवासवर्णनात इंग्रजी पद्यात दिले आहे.

खिडकी, गाणे, तयार घोडे, फसलेला पहारा. अद्भुतरम्य कथेची सगळी सामग्री ठाण्यात हजर आहे, आणि ‘एमा’ ही कादंबरी प्रसिद्ध होऊन जेमतेम नऊ महिने झालेत.

मराठी कादंबरीने हा काळ टाळलेला नाही. ना. सं. इनामदारांनी ‘झेप’मध्ये (1963) त्र्यंबकजीला आणि ‘मंत्रावेगळा’मध्ये दुसऱ्या बाजीरावाला, म्हणजे इतिहासाने खलनायक ठरवलेल्या दोघांना, माणूस म्हणून उभे केले. पण वाचकाला इथेही शेवट माहीत असतो, आणि तो पराभवाचा असतो. त्यामुळे प्रत्येक विजय तात्पुरता वाटतो. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’त (1962) माधवराव-रमाबाईंचे प्रेम इतके भिडते, कारण थेऊर जवळ येत असते. हेयरचा वाचक माहीत असलेल्या सुखाकडे रमतगमत जातो. आपला वाचक माहीत असलेले दुःख लांबवू पाहतो. दोन्ही आनंद खरेच आहेत. परंतु आपल्याकडे फक्त दुसऱ्यालाच गंभीर मानले गेले, आणि ऐतिहासिक कादंबरीत थट्टा, हौस, रुसवेफुगवे यांना वाव कमी राहिला.

राज्य बुडाले त्या वर्षीही कल्याण-ठाण्यात लग्ने ठरली असतील, मानपानावरून रुसवे झाले असतील, कोणी कोणाला चोरून पाहिले असेल. पेशव्यांचा शेवट माहीत असला तरी या माणसांचा शेवट आपल्याला माहीत नाही. म्हणून त्यांची सुखान्त गोष्ट लिहिण्यात इतिहासाशी प्रतारणा होत नाही.

हेयरकडून घ्यायचे ते हे. तिची मर्यादाही इथेच दिसते. तिच्या कथांत नायकपद उमरावांकडे जाते. घोडे सांभाळणारे चतुर असले तरी कडेलाच राहतात. आपल्या कादंबऱ्यांत तो मान पेशव्यांना आणि कारभाऱ्यांना मिळतो. ठाण्याच्या खिडकीखालून गात गेलेला मोतद्दार दोन्हींकडे दुय्यमच. जीव धोक्यात घालून तो गायला, तो स्वामिनिष्ठेपायी, पैशासाठी, की घरी कोणाला तरी दिलेल्या शब्दाखातर? रीजन्सीच्या ऐन काळातली ठाण्याची प्रेमकथा कोणी लिहायला घेतलीच, तर तिचा नायक तयार आहे. त्याचा आवाजही चांगला असणार.